बाला, तुला कुणी विचारलं नाही

बाला,

तुला खांदा द्यायला पहिला तोच पुढं आला. पांढरा टी-शर्ट, पाठीवर त्याच्या पोलीस भरती अकॅडमीचं नाव. तुझ्या अण्णांना त्यानं हळूच बाजूला केलं, "तुम्ही दमलाय, मला घेऊ द्या," म्हणाला, आणि पुढचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला. बायका डोळ्याला पदर लावून म्हणत होत्या, सर असावा तर असा. मी त्या बायकांतच उभी होते, तुझ्या आईला, काकूंना, धरून. मला जे माहीत होतं ते तिथं दुसऱ्या एकालाच माहीत होतं, आणि तो तुला उचलून चालला होता.

बाला हे तुझं खरं नाव नाही. आपल्या पथनाट्यातल्या ट्रक ड्रायव्हरचं ते नाव, आणि कॉलेजात सगळे तुला तेच म्हणायला लागले. इथं तेच ठेवते. "लिही, पर नाव नको घालू," असं काकू म्हणाल्या. तुझ्या भावाचंही नाव मी बदललंय. त्या सरचं नाव का लिहीत नाही ते पुढं कळेलच.

गावात सांगितलं, मेंदूत ताप चढला. खोटं नाही ते. टीबी मेंदूपर्यंत गेला होता. पण भरतीच्या मैदानात सगळ्यांच्या पुढं धावलेल्या, चोविशीतल्या गड्याचा टीबी मेंदूपर्यंत कसा जातो, हे कुणी विचारलं नाही. तुला कुणी काहीच विचारलं नाही रे. आयुष्यभर.

समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला आपण भेटलो. तू ईट गावचा, मी जळकोटची. क्षेत्रकार्यासाठी गावोगाव फिरायचं म्हटल्यावर माझ्या वडिलांनी सरळ नाही म्हणून सांगितलं होतं. मी कॉलेज सोडायच्या बेतात होते. तू मला न विचारता एस.टी.नं आमच्या घरी आलास, वडिलांपाशी बसलास, पेरणीचं बोललास, म्हशीचं बोललास, भाकरी खाल्लीस आणि निघताना म्हणालास, "काका, अश्विनी माझ्याबरोबर व्हती आन् तिला काय झालं, तर मला धरा." वडील नंतर म्हणाले, पोरगा सरळ आहे. मी आज जे काही शिकले ते त्या एका दुपारमुळं. त्याबद्दल तुला कधी काही बोलले नाही. बोलायचं असतं हे तेव्हा वाटलं नाही.

आपलं नाटक तुला आठवत असेल. एचआयव्हीच्या चाचणीला घाबरणारा ड्रायव्हर बाला, आणि त्याला ओढत दवाखान्यात नेणारी त्याची बायको. बायको मी. येरमाळ्याच्या स्टँडवर केला तो प्रयोग मला सगळ्यात आवडला. येडेश्वरीच्या दर्शनाला आलेली माणसं, गाडीची वाट बघणारी माणसं, सगळी गोळा झाली होती. सुई बघून तू जो काही पळायचास, त्यावर लोक पोट धरून हसायचे. प्रयोग संपल्यावर एक म्हातारा तुझ्याजवळ आला आणि हळू आवाजात विचारू लागला, चाचणी कुठं करतात, पैसे लागतात का, गावात कळतं का. तू त्याचा हात धरून सगळं सांगितलंस. फुकट असते बाबा. नाव गुप्त ठेवतेत. निघालं तरी गोळ्या हायेत, माणूस म्हातारा होऊन मरतो. इतकं छान सांगितलंस की मी बाजूला उभी राहून मनात म्हणाले, याच्यासारखं मला कधी जमणार नाही.

पुढच्याला तू सांगायचास ते सगळं खरं होतं. फक्त तू स्वतः त्यातलं काही ऐकत नव्हतास.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी वर्गाला विषय मिळाला, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होणारे अत्याचार. प्रश्नावली तयार झाली, ती फक्त मुलींसाठी होती. तू हात वर केलास. "मॅडम, मुलांना का विचारायचं न्हाय?" मॅडमना प्रश्न कळला नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बालाला कुणी छेडलं का काय?" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. आणि बाला, तूसुद्धा हसलास, कान चोळत, जसा नाटकात हसायचास तसाच. मी तुझ्याकडं बघत होते. डोळे हसत नव्हते तुझे. पण तेव्हा मला त्यातून काही कळलं नाही.

मग कॉलेजात चाचणीचं शिबिर झालं. ठरलं असं की नाटकातल्या पोरांनी आधी रक्त द्यायचं, म्हणजे बाकीच्यांची भीती मोडेल. तुझं नाव पुकारलं तेव्हा तू नव्हतास. गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसला होतास. मला इतका राग आला होता.

"लोकांना सांगतोस आन् स्वतः पळतोस?"

तू कप खाली ठेवलास. "मला भ्या वाटतं."

"कशाचं?"

"येईल याचं."

मला वाटलं कुणी मुलगी असेल. तसं विचारलंही. तू म्हणालास, "पोरगी असती तर सांगायला काय झालं असतं गं?"

आणि मग सांगितलंस. रस्त्याकडं बघत, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना पोलीस भरतीसाठी तू धाराशिवला अकॅडमीत राहत होतास. तू सगळ्यांत चांगला धावायचास, म्हणून सरनं तुला निवडलं. आधी नुसतं पाय दाबायला बोलवायचा. नंतर दार लावून घ्यायला लागला. त्यापुढचं तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. "वर्षभर," एवढंच म्हणालास. मध्ये एकदा तू घरी पळून आलास. अण्णांना वाटलं, पळायचा कंटाळा आला असेल. त्यांनी मोटरसायकलवर बसवून तुला परत नेऊन सोडलं. सरनं त्यांना चहा पाजला आणि तुझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, काळजी करू नका, पोरगा माझा आहे.

"तू म्हणशील, एवढा धिप्पाड गडी, दोन ठेवून द्यायच्या की," तू म्हणालास. "मलाबी तेच वाटतंय. रोज वाटतंय. पर हात उचललाच न्हाय माझा."

तेव्हा मला कळलं की भरतीत मैदान मारूनही तू मेडिकलला का गेला नाहीस. रक्त काढतील म्हणून. गावानं तुला भित्रा म्हटलं, अण्णा तुझ्याशी किती दिवस बोलले नाहीत, आणि तू ते सगळं गिळलंस.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होते, तक्रार कर. तू म्हणत होतास, कुणाकडं? "माझ्या बॅचची पोरंच आता पोलीस हायेत. त्यांच्यापुढं उभं राहून हे सांगू? पोरीवर झालं तर निदान वाईट झालं म्हणतेत. माझ्यावर झालं तर हसतेत. वर्गात बघितलंस न्हाय का?"   पण मी भांडत राहिले, आणि तू दर वेळी म्हणायचास, सोड ना अश्वे, झालं ते झालं. झालं नव्हतं ते. तुझ्या आत ते रोज होत होतं.

दिवाळीनंतर तुझा खोकला हटेना, अंगावरचं मांस उतरायला लागलं, तेव्हा कुठं तू चाचणीला तयार झालास. मी बाहेर बाकावर बसले. समुपदेशक ताई आत तुझ्याशी खूप वेळ बोलल्या. बाहेर आलास आणि "हाय" एवढंच म्हणालास. मग म्हणालास, "चल, भजी खाऊ." आपण खरंच भजी खाल्ली. तू जास्त मिरच्या मागून घेतल्यास.

ताईंनी मला नंतर सांगितलं, तुझ्या परवानगीनं, की गोळ्या लगेच सुरू करतोय, पण प्रतिकारशक्ती फार खाली गेलीय आणि टीबीही आहे. "वर्षभर आधी आला असता, तर मी निर्धास्त असते," असं त्या म्हणाल्या. वर्षभरापूर्वी तू येरमाळ्याच्या स्टँडवर दुसऱ्यांना चाचणीला पाठवत होतास. याचा राग मी कुणावर काढू? तुझ्यावरच येतो मला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावते. तुझ्यावर, तुला मोटरसायकलवर बसवून परत सोडणाऱ्या अण्णांवर, हसलेल्या त्या सगळ्या वर्गावर. आणि ज्याच्यावर राग काढायला हवा, तो गावात देवमाणूस.

शेवटी सोलापूरला हलवलं तेव्हा डोकेदुखीनं तुला डोळे उघडवत नव्हते. अण्णा औषध आणायला खाली गेले आणि तू माझा हात धरलास.

"घरी कळू दिऊ नको. म्या मेल्यावरबी."

मी हो म्हणाले नाही, हे तुझ्या ध्यानात आलं होतं का, मला माहीत नाही. सिस्टर सलाईन बदलायला आली, मला बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा तू गुंगीत होतास. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस.

तुला वचन दिलं नव्हतं मी. दिलं असतं तरी मोडलं असतं. का ते सांगते.

दहाव्याला तो परत आला. पिंडाला कावळा शिवल्यावर सगळे मंडपात बसले होते, तेव्हा तो उभा राहिला आणि बोलू लागला. बाला माझा सगळ्यात गुणी विद्यार्थी. त्याचं खाकी वर्दीचं स्वप्न अर्धवट राहिलं. आता ते किरण पुरं करील. किरणला मी माझ्याकडं नेतो, फी नको, राहणं-खाणं माझ्याकडं. बारावी होऊन नुकताच बी.ए.ला गेलेला तुझा धाकटा भाऊ उठला आणि त्याच्या पाया पडला. काकूंनी रडत हात जोडले. अण्णांनी त्याला मिठी मारली. त्यानं अण्णांच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. त्याला माझं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तरी पाहिलं.

आठवडा गेला नाही तोच किरण अकॅडमीत राहायला गेल्याचं मला कळलं. त्याच दिवशी मी ईटला गेले. काकू अंगणात तूर पाखडत होत्या, अण्णा रानात होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. सरचं, मेडिकलचं, चाचणीचं, कशानं गेलास त्याचं. काही वगळलं नाही. त्या पाखडत राहिल्या. मग सूप खाली ठेवलं.

"माझं लेकरू गेलं, आन् तू त्याची घाण उकरायला आलीस व्हय गं?"

"घाण त्याची नाही काकू. त्या सरची आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच."

"मला न्हाय सांगितलं."

"तुम्हाला सोसणार नाही असं त्याला वाटत होतं."

"मला न्हाय सांगितलं," त्या पुन्हा म्हणाल्या. सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "ह्यांनी त्याला परत नेऊन सोडलं ना, तवा गाडीवर बसताना लेकरू माझ्याकडं बघत व्हतं. लई बघत व्हतं. मला वाटलं, खर्चाला पैसं मागतंय. म्या कनवटीचं काढून दिलं."

त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडल्या नाहीत. शेजारणीला तुरीवर लक्ष ठेवायला सांगितलं, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल."

अकॅडमीच्या शेडखाली तो खुर्ची टाकून बसला होता. काकूंना बघून लगबगीनं उठला. "या आई, या. फोन करायचा ना, मी गाडी पाठवली असती."

"किरणला न्यायला आलेय."

"का? काय झालं? कुणी काही सांगितलं का तुम्हाला?" हे तो काकूंना विचारत होता आणि बघत माझ्याकडं होता.

"तुला दोन पोरं दिली व्हती," काकू म्हणाल्या. "एक घेऊन चालले."

आतापर्यंत त्या त्याला सर म्हणायच्या, तुम्ही म्हणायच्या. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. "आई, तुम्ही दुःखात आहात. बसा, पाणी घ्या."

"तुझ्या हातचं पाणी नको."

किरण बॅग घेऊन बाहेर आला. पोरांसमोर आई अशी वागली म्हणून तो लाजेनं लाल झाला होता. बसमध्ये आमच्याजवळ बसलाही नाही. काकू मला म्हणाल्या, "आता हे हितंच राहू दे पोरी. कुणाला बोलू नको."

"आणि तिथली बाकीची पोरं?"

"त्यांला त्यांच्या आया हायेत."

"त्यांच्या आयांना माहीत नाही काकू."

 

इकडं कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार, आणि भाषणात 'अल्पशा आजाराने'. एड्स जनजागृतीचा निष्ठावान कार्यकर्ता म्हणून तुझा गौरव केला. तुझ्या प्रयोगाला कधी न आलेले लोक तुझ्याबद्दल बोलत होते. मी मॅडमना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगत नाही. पण म्हणाल्या काय, तर "आता तो नाही. पुरावा नाही. कॉलेजचं नाव मध्ये येईल. तुझी परीक्षा तोंडावर आहे, अश्विनी." एका वकीलबाईंना भेटले. त्या चांगल्या होत्या. त्यांनी एवढंच सांगितलं, "कुणीतरी जिवंत माणूस बोललं पाहिजे."

किरणनं मला फोनवर शिव्या दिल्या. तुमच्यामुळं माझी भरती गेली, म्हणाला. तुमचं माझ्या भावाशी काय होतं ते मला माहीत आहे, असंही म्हणाला. मी फोन ठेवला नाही. ऐकून घेतलं, कारण त्याला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं, आणि न सांगण्यानं तुमच्या घरात काय झालं ते मी पाहिलं होतं.

मग एका संध्याकाळी त्याचा परत फोन आला. आवाज वेगळा होता.

"ताई, दादाला काय झालं व्हतं? आईला विचारलं, तर ती म्हणली अश्विनीला विचार."

मी सांगितलं.  संपल्यावर मी विचारलं, "किरण, तुला त्यानं कधी बोलावलं होतं?"

"मला न्हाय. मला येऊन किती दिवस झाले व्हते?" पुढं म्हणाला, "माझ्या खोलीत एक पोरगा हाय. कॉलेजलाच हाय, लांबच्या गावचा. त्याला बोलवायचे पाय दाबायला. आमी त्याला चिडवायचो ताई. सरचा लाडका म्हणून चिडवायचो." मग विचारलं, "चाचणी कुठं करतेत?"

तो त्या पोराला घेऊन आला. कसं समजावलं मला माहीत नाही. नाटकबिटक काही केलं नसणार, त्याला येत नाही. ते काम तुझं होतं. तो पोरगा चाचणी करून बाहेर आला, किरणनं त्याला पाणी दिलं. निघालं नाही त्याला काही. तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलंय. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी तुझी इतकी चीड आली की उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले. तुझ्याबरोबर असं पाणी घेऊन कुणी बसलं असतं, त्याच वर्षी, तर?

तो पोरगा समुपदेशक ताईंना म्हणाला, तक्रार कुठं करायची असते.  वकीलबाईंना घेऊन आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. चौकशी सुरू झालीय. म्हणून त्या माणसाचं नाव मी इथं लिहीत नाही, त्याला पळवाट मिळायला नको. फार आशा लावून बसलेली नाही मी. अकॅडमी अजून चालू आहे. त्याच्या बाजूनं बोलायला गावोगावची माणसं येऊन गेली. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत, काकूंशीही फारसे नाहीत. रानात जाऊन बसतात म्हणे.

पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी ठाण्यात आम्ही बसलो होतो तेव्हा काकू दारात उभ्या दिसल्या. किरणनं त्यांना फक्त कळवलं होतं. बोलावलं नव्हतं. एकट्या ईटहून आल्या. त्या पोराचं सगळं सांगून होईपर्यंत त्याच्या शेजारी बसल्या. मग टेबलाजवळ सरकल्या.

"माझ्याबी लेकराचं लिवून घ्या."

साहेबांनी वर पाहिलं. "कुठंय तुमचा मुलगा? त्याला आणा, त्याला बोलू द्या."

काकू 'वारला' म्हणतील असं मला वाटलं होतं. मेला, असं तरी.

"त्याला मारला," त्या म्हणाल्या. "कसा मारला, ते म्या सांगते. लिवा."